माझ्या निरोगी रक्तातला दोष

माझ्या रक्तात म्हणे दोष आहे. सत्तरच्या दशकात, माझं लग्न ठरवायला घेतलं तेव्हा, हे नात्यातल्या सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. आजारी मी नव्हतेच. आजारी होती माझी ताई. तिला खापरखेड्याला वीजकेंद्राच्या कॉलनीत दिली होती. लग्नानंतर तिची बोटं सुजून अशी आखडली की कणीक मळता येईना. सासरच्यांनी, बरी झाली की बोलावतो म्हणून माहेरी आणून सोडली, आणि मग विचारलंही नाही.

तिला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवायला मीच नेत असे. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिच्या रक्ताशी ताडून पाहायला धडधाकट नातेवाइकाचं रक्त हवंय, देतेस का? मी हात पुढे केला. आणि बघा, जे ताईच्या रक्तात सापडलं तेच थोडंफार माझ्याही रक्तात निघालं.

मी घाबरले. बाईंनी समजावलं. रोगजंतूंशी लढायला शरीर अँटीबॉडी नावाची हत्यारं घडवतं, तीही हरतऱ्हेची, कारण उद्या कोणता शत्रू येईल हे त्याला ठाऊक नसतं. इतकी घडवताना काही आपल्याच अंगावर उलटणारीही निघतात. निरोगी माणसातही निघतात आणि बहुतेकांत जन्मभर गप्प पडून राहतात. ताईच्या अंगात ती उठली. का, ते बाईंनाही सांगता येईना. तुझ्यात उठतीलच असं नाही, म्हणाल्या, जा, खाऊन पिऊन राहा.

हे मी घरी सांगितलं. घरातून ते आत्याकडे गेलं, आणि आत्याकडून पुढे निघालं तेव्हा त्यातलं बाईंचं सगळं बोलणं गळून ‘दोघींच्याही रक्तात आहे’ एवढंच उरलं होतं.

त्यातच कन्हानचे लोक मला पाहायला आले. आईने ताईला मधल्या खोलीत बसवलं, दार लोटलं आणि मला बजावलं, रक्ताचा विषय काढायचा नाही. मी पोह्यांच्या बश्या दिल्या. मुलाची मावशी मोठी गोड बोलायची. बांगड्या पाहते म्हणत तिने माझा हात मांडीवर घेतला आणि बोलता बोलता एकेका बोटाचा सांधा दाबू लागली. बाजारात भेंडीचं टोक मोडून पाहतात ना, तसं. नजर माझ्या तोंडावर, कुठे दुखतंय का ते बघायला.

माझं डोकंच फिरलं.

“दुखत नाही मावशी, दाबा अजून,” मी म्हटलं. “पण रक्तात आहे. बहिणीच्याही आहे, तिचे तर हात वाकडे झाले. थांबा, दाखवते.”

दार उघडलं आणि ताईला दंडाला धरून बाहेर आणलं. आईने कपाळाला हात लावला. बाबा पंख्याकडे पाहू लागले. मी सांगत सुटले. हा रोग पापाचा नाही, शिवून लागत नाही, आणि ज्याला तुम्ही भिऊन राहिले ते तुमच्याही रक्तात असेल, तपासलं कोणी? मावशीने स्वतःचे हात पदराखाली घेतले. मुलगा बिचारा पोहे खात राहिला.

कळवतो म्हणून मंडळी गेली, ती गेलीच.

आत्या म्हणाली, हिच्या जिभेले हाड नाही, आता हिले कोण करते? आई रडली. मला मात्र छाती मोकळी वाटत होती. ताई तरी शाबास म्हणेल म्हणून तिच्याकडे गेले, तर ती फुगून बसलेली.

“मले काहून तशी ओढत आणलं वं? विचारलं तरी का?”

“मग जन्मभर त्या दाराआड बसशील का?”

“नाही बसत. पण पुढच्या वेळी पहिलेच सांग. चोळामोळा झालेलं पातळ होतं माझ्या अंगावर. चांगली साडी नेसून बसीन.”

पुढची मंडळी कळमेश्वरहून आली. त्यांच्याच घरात मी म्हातारी झाले. ते आले तेव्हा ताई जांभळी साडी नेसून बैठकीत पहिल्या खुर्चीवर बसली होती, आणि रक्ताचं काय ते, पाण्याचे पेले यायच्या आत, तिनेच सांगून टाकलं.