दोन बैल आणि उपटलेली कण्हेर

ती फिर्याद आठवली की आजही माझं डोकं तापतं. सत्तरच्या दशकात मी इस्लामपूर भागात फौजदार होतो. एके सकाळी ठाण्यात हजेरी चालू असतानाच जवळच्या गावचे एक बडे ऊसबागायतदार आत आले. त्यांचे दोन खिलारी बैल गोठ्यात मरून पडले होते. संशयिताचं नावही ते तयारच घेऊन आले होते. तो गावातला बौद्ध तरुण, साखर कारखान्यात फिटर होता.

"त्यानंच इख घातलंय. कातड्यासाठी ह्यांची जुनी खोड हाय," ते म्हणाले.

"धर्म बदलल्यापासून या लोकांनी मेलेलं जनावर ओढणं सोडलंय. कातडं घेऊन तो करणार काय?" मी विचारलं.  तेवढ्यात गावकऱ्यांनी त्या तरुणाला दंडाला धरून आणलं. त्याचा ओठ फुटला होता. मारणाऱ्यांपैकी कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

मी आधी त्याला दवाखान्यात पाठवलं, मग जबाब घेतला. "पाळीला हुतो, सायेब. कारखान्यात इचारा," एवढंच तो म्हणाला. हवालदार विचारून आला. खरोखरच तो रात्रभर कामावर होता. हे सांगितल्यावर फिर्यादी म्हणाले, "मग भावकीतल्या कुणाकडनं करवलं आसंल." असल्या माणसापुढे तपास म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी बैलांची पोटं उघडली. उसाच्या वाढ्यांबरोबर, म्हणजे शेंड्यांच्या चाऱ्याबरोबर, लांबट, चिवट पानं निघाली. विषारी कण्हेरीची पानं होती. मी पंचांना घेऊन फिर्यादींच्या घरी गेलो. अंगणात कडेनं ताजे खड्डे दिसले.

"इथं काय होतं?"

फिर्यादींनी खड्ड्यांकडे पाठ फिरवली. उंबऱ्यातून त्यांची सून बोलली, "पांढरी कण्हेर हुती, सायेब. लेकरानं पान चावलं, लय वकलं. हे मिलिटरीतनं सुट्टीवर आल्यात, त्यांनी समदी उपटली. जाळायचीच हुती, पर मामांनी जाळू दिली न्हाई."

"देवाला फुलं दिल्यालं झाड जाळायचं व्हय?" सासरे उसळले.

देवाची भीती त्यांना होती, म्हणून ती झाडं गोठ्यामागे वाढ्यांच्या ढिगाला लावून टाकली होती. ओली कण्हेर कडू, जनावर सहसा तोंड लावत नाही. सुकली की खातं. गड्यानं संध्याकाळी वाढ्यांबरोबर तीही दावणीत टाकली.

चावडीवर सगळ्यांना बोलावून मी हे स्पष्ट सांगितलं. तो तरुण पुढे आला. "सायेब, माझ्या नावानं गावभर बोंब झाली. म्या न्हाई केलं, याची दवंडी द्याया सांगा."

मागणी रास्त होती. मी फिर्यादींकडे पाहिलं.

"दवंडी? ते तर ह्याच्या बापाचं गावकीचं काम हुतं," ते म्हणाले. "ह्यालाच सांगा की द्याया."

चावडीत हशा पिकला. माझ्या आवाजानं तो थांबला, पण तरुण तोवर पायऱ्या उतरून गेला होता. पुढे आईला घेऊन तो मिरजेला राहायला गेल्याचं कळलं.

माणसाला ठाण्यातून सोडवणं माझ्या हातात होतं. गावाच्या तोंडून सोडवणं नव्हतं, हे त्या दिवशी शिकलो. अहवालात मी 'गैरसमजातून दिलेली फिर्याद' असं लिहिलं, कारण कायद्यात तेवढंच बसत होतं. पण गैरसमज असता, तर खरं कळल्यावर कुणी हसलं नसतं.