कपाटावरची बिनपडद्याची पेटी

शाळेत मास्तरीण होते तेव्हा आठवडाभराचं प्रशिक्षण घेऊन मी पोरांना कॉम्प्युटर शिकवत असे. काय तो तोरा! पडद्यावर छडी टेकवून सांगायची, "हा कॉम्प्युटर. खालची पेटी म्हणजे त्याचा पाट." पोरं बिचारी उतरवून घ्यायची. तेव्हाची ती मास्तरीण आता भेटली तर कान पिळीन तिचा.

अनगोळच्या आमच्या घरात आता कपाटावर नुसती पेटीच आहे. पडदा नाहीच. नात बेंगळुरात बसून इंटरनेटवरून तिच्यात शिरते. तिचं सगळं काम पेटीला जोडलेल्या डिस्कवर. दसरा झाला आणि एका दुपारी तिचा फोन आला.

"आज्जी, मशीन चालू हाय, पण डिस्क दिसंना. तासाभरात मुलाखत हाय माझी. काम दाखवता आलं न्हाय तर संपलंच."

स्टुलावर चढले. डिस्कची वायर काढली, परत घातली.

"आता?"

"न्हाय."

वैतागून पेटीला एक चापट दिली.

"आज्जी! काय वाजलं?"

"डास होता."

मग तिनं सांगितलं, डिस्क बिघडलीय की वायर घालायचं भोक, ते आधी बघू. डिस्कच्या जागी कीबोर्ड लाव आणि कॅप्स लॉक दाब. दिवा लागला तर भोक जिवंत. दाबलं. अंधार. कीबोर्ड मागच्या भोकात घालून दाबलं. लागला की दिवा!

"डिस्क बरी असंल मग. तीच मागं लाव."

लावली. तिकडून टकटक ऐकू आली, मग किंकाळी. "आली! आज्जी, आली!"

एवढ्यावर सोडायचं की नाही नातीनं? "पुढच्या भोकाला काय झालंय? कॅमेरा लाव बघू." मी फोन जरा लांबच धरला.

"जवळ धर. पिवळं काय हाय ते?"

"गंज असंल."

"पिवळा गंज? वर कुंकवाचा ठिपका?"

खंडेनवमीला विळी, खुरपं, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लावलं. ही एवढी राबणारी, हिलाच कोरडं ठेवायचं? चांगली हळद कालवून बोटानं दाबून लावली होती. पेटीचं कपाळ कुठं असतं हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

"लई शाणी हाईस," नात म्हणाली. "मुलाखत होईस्तोवर पेटीला हात लावायचा न्हाय."

लावला नाही. धक्का नको म्हणून चटणीचा मिक्सरसुद्धा बंद ठेवला. शेजारीण विरजण मागायला आली, तिला बाळंतिणीच्या खोलीसारखं दारातच थोपवलं.

शेवटी फोन वाजला.

"झालं गं! सगळं दाखवलं. पुढच्या आठवड्यात परत बोलावलंय. मशीन सांभाळतं कोण, म्हणून विचारत होते."

"मग काय सांगितलंस?"

"घरात एक माणूस हाय म्हटलं. पूर्णवेळ."

"व्हय? मग त्या माणसाला दुपारची सुट्टी दे," म्हटलं आणि तिथंच चटईवर आडवी झाले.