डाव्या मनगटावरचा सेंट

पहिल्या स्थळाचा नकार मध्यस्थाने आणला. मुलगा चांगला आहे, पण अंगाला गोठ्याचा वास येतो म्हणे. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. डिंगोऱ्यात आमच्या घरी तीन म्हशी होत्या, वास येणारच. तरी ते बोलणं मला फार लागलं. दुसऱ्या स्थळाची मंडळी घर बघायला येणार असं ठरल्यावर मी जुन्नरला जाऊन भारी कंपनीच्या सेंटची स्वस्तातली नक्कल घेऊन आलो.

"भाऊ, सेम टू सेम. फरक वळखून दाखवा," दुकानदार म्हणाला होता. गावातल्या एका मित्राकडे दुबईहून आणलेली अस्सल बाटली होती. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी त्याच्याकडे जाऊन उजव्या मनगटावर अस्सल आणि डाव्यावर नक्कल मारली. आधी खरंच फरक कळेना. दोन्हीकडे लिंबाच्या सालीसारखा वास. घरी पोचेपर्यंत मात्र उजवा हात सभ्यपणे दरवळत होता आणि डाव्याला उदबत्तीच्या पुड्याचा गोडमिट्ट वास सुटला होता. किमतीच्या मानाने वाईट नाही, असा निकाल देऊन मी शर्टावरही नक्कलच फवारली.

घरी आई तापाने झोपलेली. एरवी धार तीच काढायची. चहाला दूध हवं म्हणून मी साबण न लावता हातावर नुसतं पाणी घेऊन धारेला बसलो, तर म्हशीने मान वळवून मला हुंगलं आणि पान्हा चोरला. अशा वेळी आमच्याकडे रोज धार काढणाऱ्या बाईची साडी पांघरून बसतात, म्हणजे जनावर बुजत नाही. मी आईची साडी डोक्यावरून घेतली आणि पान्हा सुटला. नेमके तेवढ्यात पाहुणे अंगणात आले. त्या अवतारातच त्यांनी मला पाहिलं.

चुलतीने चहा केला. मुलीच्या मामाने एक घोट घेऊन कप खाली ठेवला. तिच्या वडिलांनी मात्र सगळा चहा संपवला आणि मग विचारलं, "पावणं, चहाला उदबत्तीचा वास कसा काय वो?"

थाप मारायची तर काय मारणार? आधीच्या नकारापासून सेंटपर्यंत सगळं सांगून टाकलं. बोलताना लाज वाटली.

मग ते म्हणाले, "आमची पोरगी धार काढून कालेजला जाती. यष्टीत तिच्या शेजारी कुणी बसत न्हाई म्हनून परवा घरी येऊन रडली. हितं तरी तिला अंग चोरून बसायला लागायचं न्हाई."