बेटावरची संकष्टी

अंदमानला निघण्यापूर्वी तीन आठवडे मी आमच्या खाण्याचा तक्ता तयार केला. सहा दिवस, प्रत्येक दिवसाला पाच रकाने: सकाळची गोळी, नाश्ता, मधलं खाणं, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण. प्रत्येक रकान्यात वेळ, पदार्थ आणि प्रमाण. शेवटी बरोबरची खूण करायला एक चौकोन. तक्ता आई, पप्पा आणि मी अशा तिघांचा म्हणून लिहिला होता, पण तो आईसाठी होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दीड महिन्यापूर्वी आईला मधुमेह असल्याचं निदान झालं होतं. मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी. पुण्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढून आता पीएच.डी.साठी जर्मनीत प्रवेश मिळवला होता, आणि सहलीनंतर दोन महिन्यांनी मला निघायचं होतं. निदान झाल्यापासून माझ्यापुढे एकच प्रश्न होता: मी नसताना आई स्वतःला सांभाळेल का? घरी कोल्हापुरात, शिवाजी पेठेत, त्याचं उत्तर मिळणं अवघड होतं. मी समोर असले की ती माझं सगळं ऐकते, आणि मी पुण्याला परतले की काय करते ते कळायला मार्ग नसतो. म्हणून तिच्या स्वयंपाकघरापासून दूर, अनोळखी अन्नाच्या सहवासात सहा दिवस ती तक्ता कसा पाळते, हे पाहायचं मी ठरवलं. जमलं नाही, तर प्रवेश एक वर्ष पुढं ढकलायचा. हे दुसरं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

सामान भरताना पहिला वाद झाला. आमच्याकडे प्रवास म्हणजे भडंगाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि कांदा-लसूण चटणीची बरणी. मी त्यातलं भडंग काढलं आणि ज्वारीच्या लाह्या, फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणे भरले. पप्पांचं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि प्रत्येक गोष्टीवर त्यांचं एक मत असतं. त्यांनी लाह्यांची पिशवी हातात तोलून पाहिली. "इमानात बसून लाह्या खायच्या म्हंजे घोड्यावर बसून रांगायचं झालं की," म्हणाले. चटणीची बरणी मात्र त्यांनी स्वतःच्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवली, आणि तिच्यावर माझा अधिकार चालणार नाही हे मीही मान्य केलं.

कोल्हापूरहून बंगळूर, तिथून पोर्ट ब्लेअर आणि पुढं बोटीनं एका लहान बेटावर. आई-पप्पांचा हा पहिलाच विमानप्रवास. आईनं ढगांकडे फार पाहिलं नाही. हवाई सुंदरीनं दिलेल्या पाण्याच्या पेल्याखाली रुमाल धरून ती ताठ बसली होती. बेटावर उतरल्यावर मात्र ती बदलली. पूर्वेच्या किनाऱ्याला लागून आमची खोली होती, समोर नारळ आणि त्यापलीकडे उथळ, हिरवट पाणी. पहिल्या संध्याकाळी तिनं साडी घोट्यापर्यंत उचलली, पाण्यात उभी राहिली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सव्वापाचला सूर्य बुडाला तेव्हा ती घड्याळाकडे पाहत म्हणाली, "हितली लोकं लवकर झोपत असतील."

खाण्याच्या बाबतीत बेट माझ्या बाजूनं होतं. विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात एक बंगाली आचारी होता. सकाळी उठून तो कोळ्यांकडून मासे आणायचा आणि मागाल तसे करून द्यायचा. मी त्याला तेल कमी, भात थोडा, भाजी जास्त, असं सांगितलं. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला मासा, कच्च्या पपईची भाजी, पातळ डाळ, शहाळं. पप्पांनी भाजलेल्या माशावर चटणी भुरभुरली आणि आचाऱ्यालाही चाखायला लावली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्यांनी समाधानानं त्याची पाठ थोपटली. आई हळूहळू जेवली, पानातलं संपवलं आणि तक्त्यावर आपल्या हातानं खूण केली. दोन दिवस मी रोज सकाळी तिच्या बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजली. आकडे इतके चांगले होते, की दुसऱ्या दिवशी मी जर्मनीतल्या माझ्या मार्गदर्शकांना ठरल्या तारखेला येत असल्याचं कळवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई नाश्त्याला बसली, पण बशी पुढं ओढली नाही. बोटीच्या हेलकाव्यांनी पोट अजून जड आहे, थोड्या वेळानं खाते, असं ती म्हणाली. गोळी मात्र तिनं माझ्यासमोर घेतली. गोळीच्या बाबतीत मी तिला निघण्यापूर्वीच बजावलं होतं: काहीही झालं तरी ती चुकवायची नाही. त्या दिवशी पप्पा आणि मी काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहायला गेलो. आईला पुन्हा बोट नको होती. दुपारी परतलो तेव्हा नाश्त्याच्या आणि जेवणाच्या चौकोनात खुणा होत्या. मी तक्ता पाहिला, आईकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी मी एकटीच वाळूवरून लांब चालत गेले. सूर्य बुडून अडीच तास झाले होते. परत आले तेव्हा पावणेआठ वाजून गेले होते. पप्पा स्वयंपाकघराकडे उद्याच्या माशाची चौकशी करायला गेले होते. खोलीत आई पलंगाच्या कडेवर, दाराकडे पाठ करून बसली होती. पंखा जोरात चालू होता, आणि तिच्या मानेवर, कपाळावर घामाचे थेंब होते. पदराच्या टोकानं ती मान टिपत होती.

काय होतंय, मी विचारलं.

"काय न्हाय. दमट हाय हितली हवा."

मी यंत्र काढलं. साखर अठ्ठावन्न, फारच खाली. मी दुसऱ्या बोटातून पुन्हा मोजलं. साठ. दुपारी काय जेवलीस, असं विचारल्यावर ती तक्त्याकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "आज संकष्टी हाय."

मला तिथल्या तिथे सगळं समजलं. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो. सकाळपासून तिनं एक शहाळं घेतलं होतं. घरी संकष्टीला ती साबुदाण्याची खिचडी खाते, पण इथल्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या भांड्यांत मासे शिजतात, म्हणून तिनं काही सांगितलंच नाही. माझ्या आज्ञेप्रमाणे गोळी घेतली, तिच्या नियमाप्रमाणे उपास धरला, आणि दोन्ही बाजूंना वाईट वाटू नये म्हणून चौकोनांत खुणा केल्या.

चहाच्या किटलीशेजारी साखरेच्या पुड्या होत्या. मी चार पुड्या पेलाभर पाण्यात ढवळून तिच्या तोंडाशी नेल्या. तिनं मान वळवली.

"चंद्र बघितल्याबिगार न्हाय. तासाभराचा तर प्रश्न हाय. नऊला तीन कमी."

मी तिला मेंदू आणि ग्लुकोज यांचं नातं सांगितलं. तिनं माझ्याकडे कणवेनं पाहिलं, जणू अडचणीत मीच होते, पण पेला घेतला नाही. तिच्या मांडीवर घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं फाडून आणलेलं पान होतं, चार घड्या घातलेलं. मागच्या बाजूला गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा होत्या आणि कोल्हापूरच्या ओळीखाली तिनं पेनानं रेघ मारली होती. आठ सत्तावन्न. मी ती रेघ पाहिली. ज्या वाळूवरून मी नुकतीच चालत आले होते, तिथं माझी सावली माझ्यापुढं पडत होती, आणि ती कशामुळं पडत होती, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला. इतका वेळ लागल्याची मला आजही लाज वाटते.

मी तिला हाताला धरून उठवलं आणि दारात नेलं. दोन नारळांच्या मधून, पाण्यापासून हातभर वर, तांबूस चंद्र लटकत होता.

आईनं विचारलं, "ह्यो कवा उगवला?"

मी म्हणाले, झाला असेल पाव तास. वेळ कोल्हापूरची आहे. आपण पूर्वेला इतके दूर आलोय, की इथं सगळं सव्वा तास आधी उगवतं आणि सव्वा तास आधी मावळतं.

"म्हंजे घरात अजून न्हाय दिसला?"

"नाही."

तिनं ते मनात घोळवलं. हे फसवणुकीत मोडतं का, याचा हिशेब ती करते आहे असं मला वाटलं. पण तिचा निकाल लगेच लागला. तिच्या पिशवीत, मी न तपासलेल्या कप्प्यात, नैवेद्याची लहानशी डबी होती: गूळ आणि खोबरं. तिनं चंद्राला हात जोडले, तांब्यातलं थोडं पाणी पायरीपाशी सोडलं, आणि मी मनात सेकंद मोजत असताना गुळाचा खडा तोंडात घातला. वरून साखरेचं पाणीही प्यायली. पंधरा मिनिटांनी आकडा ब्याऐंशीवर आला.

पप्पा परतले ते तिचा चेहरा पाहूनच दारात थांबले. त्यांना सकाळपासून माहीत होतं. मी विचारलं, मला का सांगितलं नाहीत. त्यांनी चप्पल काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. "तिनं शप्पत घातल्याली," म्हणाले, आणि लगेच पुन्हा चप्पल घालून स्वयंपाकघराकडे वळले. थोड्या वेळानं त्यांचा आवाज अंधारातून इकडे ऐकू येत होता: "भैया, वो मच्छीवाला पातेला नको. दुसरा कोरा लेव. कांदा नको, लसूण नको. खाली डाल, भात और आलू." आचाऱ्यानं बहुधा कारण विचारलं असावं. "घरमें देव का काम हाय," असं उत्तर गेलं, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. अर्ध्या तासात वाफाळता डाळभात आला, नव्या स्टीलच्या पातेल्यात, वर केळीचं पान झाकलेलं.

आई जेवली. मी तिच्या पुढ्यात बसून राहिले. भीती ओसरल्यावर मला राग आला होता, आणि तो मोठ्या मुश्किलीनं मी वैज्ञानिक भाषेत बसवत होते. खोटी नोंद ही न केलेल्या नोंदीपेक्षा धोक्याची असते, असं काहीतरी मी म्हणाले. ती शांतपणे भात कालवत होती.

"तुझ्या कागदात उपासाला रकाना कुठं होता? नाश्ता, जेवण, जेवण. मी कुठं लिव्हायचं?"

आई माझ्या आठवणीत प्रत्येक संकष्टीला उपाशी राहिलेली आहे. सहलीच्या तारखा ठरवताना मी विमानाचे दर पाहिले, भरती-ओहोटी पाहिली, प्रयोगशाळेतली रजा पाहिली. दिनदर्शिका पाहिली नाही. डॉक्टरांनाही हे कधी सांगितलं नव्हतं. तपासणीच्या खोलीत त्यांच्याशी बोलत होते मी, आणि मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

मग मी तिला ते सांगून टाकलं. म्हणाले, "मी यंदा जात नाही. वर्षभर थांबते. तुझं नीट बसलं की बघू."

तिनं हात थांबवला. पप्पा पायरीवर बसले होते, त्यांनीही मान वळवली.

"कशाला थांबतीस?"

"आजच्यासारखं पुन्हा झालं आणि मी नसले तर?"

"तू हायस म्हणून तर आज झालं. तुझ्या भ्यानं गोळी घेतली मी." तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त घडलेलं क्रमानं मांडत होती. "तुझ्या दहावीपासनं दर उपासाला एकच मागणं हाय. पोरीला तिच्या मनासारखं शिकू दे. आता मिळालंय, तर माझी साखर मोजत बसणार व्हय तू? मग मी उपाशी कशापायी मेले?"

"मेली न्हाईस अजून," पप्पा पायरीवरून म्हणाले. "आज जरा हौस केलीस तेवढी."

तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही, पण तिच्या ओठांचा कोपरा हलला, आणि ती पुन्हा जेवू लागली. मी त्या रात्री नीट झोपले नाही. दोनदा उठून तिची साखर मोजली. दुसऱ्या वेळी ती डोळे मिटूनच म्हणाली, "आणि किती भोकं पाडणार हाईस?"

सकाळी उजेड पाचलाच पसरला होता. मी तक्ता पुन्हा मांडायला घेतला. एक नवा रकाना आखला, त्याखाली आणखी एक, आणि मग कळेना, की तिथं नेमकं काय लिहायचं. उपासाच्या दिवशी गोळी अर्धी घ्यायची, की मुळीच नाही? किती वेळा मोजायचं? साबुदाणा चालेल की शेंगदाणे बरे? जीवरसायनशास्त्राचं जेवढं ज्ञान मला होतं, त्यात या प्रश्नांची निश्चित उत्तरं नव्हती. आठ वाजल्यावर डॉक्टरांना फोन करू, असं मी म्हणाले.

आठ वाजले तेव्हा मी आंघोळ करून बाहेर आले, तर आई व्हरांड्यात आधीच फोनवर बोलत होती. तिच्या मांडीवर माझा तक्ता उलटा ठेवलेला होता, मागची कोरी बाजू वर, आणि हातात पेन. ती डॉक्टरांना सांगत होती, की महिन्यातनं एक दिवस ती उपाशी असते, ते मोडणार नाही, तेव्हा गोळीचं काय ते त्यांनी सांगावं. पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. ती लिहीत गेली: सकाळची गोळी त्या दिवशी बंद. शेंगदाणे, ताक, फळ, दर तीन तासांनी. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा मोजायचं. सत्तरच्या खाली आलं, तर चंद्र असो नसो, गूळ. शेवटच्या ओळीवर तिनं हुज्जत घातली. सत्तर म्हणजे नक्की सत्तरच का, पासष्ट का नाही, असं विचारलं. मग ऐकून घेतलं आणि ती ओळही लिहिली.

पलीकडून मग काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, केस पुसत, फोन घेण्यासाठी हात पुढं केलेला.

"ती न्हाय हितं," आई फोनमध्ये म्हणाली. "पोहायला गेलीया. काय असंल ते मलाच सांगा."

मी हात मागं घेतला. मग दोरीवरचा टॉवेल घेतला आणि पाण्याकडे चालू लागले.