ऐंशी वर्षांत एकच फेरा घेणारं घड्याळ

मंडळी, आज दुपारपासून माझी मान जरा ताठच आहे, सांभाळून घ्या.

आमची मुक्ता आर्ट कॉलेजात शिकते. आज इथे झाशीत तिच्या वर्गाचं प्रदर्शन लागलं. तिने एक मोठं घड्याळ मांडलंय, त्याला काटा एकच. तो ऐंशी वर्षांत एक फेरा घेतो. माणसाचं आयुष्य, असं तिचं म्हणणं. अर्थात काटा हलताना कोणालाच दिसत नाही.

त्यामुळे जो तो येऊन सांगत होता, "बिटिया, सेल खत्म हो गया."

गुरसरायहून माझी आत्या आली होती. तिनेही सुनावलं, "बंद घड्याळ भिंतीवर ठेवू नये गं." मुक्ताने सगळं समजावल्यावर मात्र तिने बोटांवर हिशेब केला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझा फेरा संपला की. मला त्र्याऐंशी झाली."



मुक्ताचं मराठी तसं तोडकंमोडकं. पण ती लगेच म्हणाली, "आजी, घडी थांबत नाही ना. काटा बारावरून पुढे जातो. तुमचा दुसरा राउंड चालू आहे."

आत्याने खुर्ची मागवली आणि घड्याळाशेजारी ठाण मांडलं. संध्याकाळपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला, घड्याळ बंद नाही, चालू आहे, असं तीच बुंदेलीत सांगत होती, "जा बंद नइयां भैया, चल रई. हमाओ तो दूसरो चक्कर है."

प्रदर्शन रविवारपर्यंत आहे. तुमच्या घरी ऐंशी ओलांडलेलं कोणी आहे का? घेऊन या. आत्याने शेजारची खुर्ची धरून ठेवली आहे.