श्यामकांतरावांचं ओलं बोट

पार्ल्याच्या आमच्या वाचनालयातलं पुस्तक श्यामकांतराव नाडकर्णींच्या आधी हाती लागलं तर ते पुस्तक असतं. त्यांच्यानंतर ते खरकटं ताट.

हापिसातून सुटले की स्वारी थेट वाचनालयात. मोठमोठ्या जुन्या कादंबऱ्या वाचायच्या, पण वर्गणीच्या जिवावर. विकत घेण्याचं नाव नको. कुणी विचारलंच तर आधी तपकिरीची चिमूट, मग दोन शिंका, मग घसा खरवडून, "म्हंजे काय की, विकत घेणारा वाचत नाही हो! कपाटात ठेवतो. आम्ही पुस्तक वापरतो!"

वापरतात म्हणजे! पान उलटायचं तर म्हशीने रेडकाला चाटावं तसं बोट जिभेवरून फिरवतात. चळप्! मग ते तपकिरी बोट पानाच्या कोपऱ्यावर. दर पानाला चळप्. शिवाय दुःखी प्रसंग आला की रडतात, आणि रडले की नाक गळतं. हातात रुमाल नसतोच, पुस्तक असतं.

सासरच्या छळाला कंटाळून घर सोडणाऱ्या बाईची एक जुनी, गाजलेली कादंबरी माझ्या माणिकमावशीला वाचायची होती. वाचनालयात प्रत एकच, आणि ती नेमकी श्यामकांतरावांच्या घरून आलेली. मावशी स्वयंपाकघरातल्या चिमट्याने पानं उलटायची. "शी! शी गं बाई! हा माणूस आहे की गोगलगाय? ... थांब, थांब, सासू काय म्हणते बघू दे."

शेवटची दोन पानं मात्र उलटेनात. साखरांब्याने घट्ट चिकटलेली! किटलीच्या वाफेवर धरली तर अक्षरंच साखरांब्याबरोबर निघून आली. हाती लागली एक मेलेली मुंगी आणि दोन शब्द: 'उंबऱ्यात ती'.

"उंबऱ्यात ती काय गं? आली? गेली? मेली?" मावशीची जेवणावरची वासनाच उडाली. विकत घ्यावी म्हटलं तर ती छापणं कधीच बंद झालेलं. गिरगावातल्या दुकानदारांनीही हात वर केले.

शेवटी आम्ही दोघी श्यामकांतरावांच्या दारात.

"अरे वा, माणिकताई! बसा. म्हंजे काय की, शेवट कोरड्या घशाने ऐकायचा नसतो. आधी चहा!"

चहा आला. वर जाड साय. श्यामकांतरावांनी बोटाने ती उचलली, तोंडात टाकली, बोट चळप् करून चाटलं, कपात उरलेली सायीची तार त्याच बोटाने काढली आणि कप मावशीपुढे सरकवला.

"शेवटाचं सांगा ना," मावशी म्हणाली.

"आधी घ्या. मग सांगतो."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि एका दमात कप रिकामा केला. "हं. उंबऱ्यात ती?"

"उंबऱ्यात ती," श्यामकांतरावांचं नाक वाहायला लागलं, "उभी राहते हो, ताई. नवरा म्हणतो, आत ये. ती म्हणते, मी नाही येणार. तुम्हीच बाहेर या!"

"आणि?"

"आणि येतो हो तो!" शिंक. थेट आमच्या दिशेने.

मावशी उठली, नमस्कार केला, जिना उतरली आणि कोपऱ्यावरच्या गटारापाशी वाकली. "थू! थू! शी गं, मेल्याचं ते बोट! थू! ... पण बाहेर आला गं तो!"