आठ पोरांचा एक जून

पंक्चरच्या दुकानात जुन्या ट्यूबा साठत जातात. फेकायला मन होत नाही आणि ठेवायला जागा नसते. किस्स्यांचंही तसंच आहे. माझ्याकडचे सगळे किस्से माझ्या मोठ्या भावाचे. तो या फेब्रुवारीत गेला. तेव्हापासून मी कोणाशी धड बोललो नाही. दोन गिऱ्हाइकांशी भांडलो, एकाच्या अंगावर पाना फेकला. नेम चुकला, नशीब! काल मात्र मी हसलो. म्हणून आज सांगतो.

आमचं दुकान दारव्ह्याच्या अलीकडे, फाट्यावर. मागे टिनाचं शेड. तिथे भाऊ रोज संध्याकाळी पाचवीच्या पोरांना शिकवायचा, तेही फुकट. सरकारची एक निवासी शाळा आहे. परीक्षा घेऊन सहावीत घेतात, मग बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सरकारचं. जागा मोजक्या, आणि त्यातल्या बऱ्याच खेड्यातल्या पोरांसाठी राखून ठेवलेल्या. भाऊ बी.ए. झालेला, नोकरी नाही. मी सहावीतून पळालेला. तो म्हणायचा, "संज्या, आपण दोघं अर्धे अर्धे शिकलो. या पोरायले पुरं शिकू दे."

या वर्षी आठ पोरं होती. सगळ्यांत हुशार तांड्यावरची कविता.

*

कापसाचं सध्या काय चाललं आहे ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. एकदा भाऊ सरावाच्या पुस्तकातून गणित वाचत होता. "एका शेतकऱ्याने कापूस विकला. त्याला शेकडा वीस नफा झाला. तर..."

मागे खी खी सुरू झालं. भाऊ थांबला. "दात काढाले काय झालं?"

पवन नावाचा पोरगा उभा राहिला. चेहरा अगदी गंभीर.

"सर, हे गणित दुसऱ्या जिल्ह्यातलं हाय!"

*

दारव्ह्याचा एक कापडवाला स्कूटरवर पोराला घेऊन आला. पोरगा शिकायचा शहरातल्या मोठ्या शाळेत, पण नाव टाकलं होतं आमच्या गावच्या शाळेत. म्हणजे फॉर्मवर तो खेड्यातला! खेड्यातल्या पोरांची एक जागा सरळ त्याच्या खिशात. भाऊने त्याला वर्गात बसवून घेतलं.

माझं डोकं फिरलं. मी बाहेर जाऊन स्कूटरच्या दोन्ही चाकांची हवा सोडली. भाऊ आला, चाकं पाहिली आणि मला पंप आणून दिला.

"भर."

"भाऊ, तो कविताची जागा खाऊन राह्यला!"

"तो नाई, त्याचा बाप खाऊन राह्यला. पोरगं चांगलं हाय. भर हवा."

भरली. पंधरा दिवसांनी गावच्या शाळेत साहेब तपासणीला आले. त्या दिवशी कापडवाल्याने पोराला मुद्दाम आणून बसवलं होतं. साहेबांनी नेमकं त्यालाच विचारलं, "बाळ, तुझ्या शाळेतल्या सरांचं नाव काय?"

पोरगं खरंच चांगलं होतं. त्याने उलट विचारलं, "कोणत्या शाळेतल्या? नाव हाय त्या, का जातो त्या?"

फॉर्म रद्द. भाऊने मला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाला, "पाह्यलं? हवा सोडा नाई लागत, आपोआप जाते."

*

आता एक जूनचं सांगतो. तांड्यावर, खेड्यात पोर घरीच जन्मतं. शाळेत घालताना मास्तर तारीख विचारतात, आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग मास्तर एक जून टाकून मोकळे. आमच्या आठही पोरांची जन्मतारीख एक जून! भाऊची एक जून. माझीही.

भाऊने त्याचा सण करून टाकला होता. दर एक जूनला नवी-जुनी सगळी पोरं शेडमध्ये जमायची. बिस्किटांचे पुडे फुटायचे आणि सगळे मिळून आपल्यालाच "हॅपी बर्थडे" म्हणायचे. गेल्या वर्षी फाट्यावर थांबलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरने विचारलं, "किसका बर्थडे है?"

कविता म्हणाली, "सबका! तुमचा कधी हाय?"

त्याने थोडा विचार केला, हात पुढे केला आणि बिस्किट घेतलं.

आमच्या आईला विचारलं तर ती सांगते, "तुह्या भाऊच्या टायमाले कापसाची वेचणी चालू होती. एवढंच ध्यानात हाय." म्हणजे जून तर नक्की नाही.

*

परीक्षा झाली आणि आठ दिवसांनी भाऊ बसला होता ती जीप उलटली. दवाखान्यातल्या क्लार्कने कागद पुढे ओढला.

"जन्मतारीख?"

"एक जून."

त्याने मान वर केली. "खरी, का शाळेची?"

मी टेबलावर हात आपटला. "त्यालेच माहीत नव्हती!"

क्लार्कने पेन उचललं. त्याने एक जूनच लिहिली. गेल्याची तारीख मात्र त्याने घड्याळ पाहून लिहिली, तास-मिनिटांसकट.

*

निकाल लागला. आठांपैकी एकच नाव, कविता. यादी इंग्रजीत होती, पवनने वाचून दाखवली. त्याचं स्वतःचं नाव नव्हतं, तरी ओरडला तोच सगळ्यांत मोठ्याने.

काल कागदपत्रांची तपासणी होती. कविताचा बाप बाहेरगावी कामाला, आई तापाने पडलेली. म्हणून मी गेलो. टेबलामागे एक वयस्कर साहेब. त्यांच्यासमोर आमच्या आठही पोरांचे फॉर्म, सगळे भाऊच्या अक्षरात.

"हे काय आहे? आठ फॉर्म, आणि आठही एक जून? आठ आया एकाच दिवशी बाळंत झाल्या का? वय कमी करून पोरं घुसवता! हिची जागा मी अडवून ठेवणार. फॉर्म कोणी भरले?"

"माह्या भावानं."

"बोलवा त्याला."

"तो येत नाई, साहेब."

"येत नाही म्हणजे? कुठे गेला?"

माझ्या मुठी आवळल्या गेल्या. मला माहीत आहे मी काय केलं असतं, आणि मग कविताची शाळा तिथेच संपली असती. तेवढ्यात तिने माझी बाही ओढली. तिची नजर भिंतीवर होती. तिथे शिपाई स्टुलावर चढून निरोप समारंभाचा फलक लावत होता. एकतीस मेला निवृत्त होणारे पाच जण. पहिलं नाव या साहेबांचंच.

कविताने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "सर, तुमी पाचही जण एकाच दिवशी काहून चालले?"

शिपाई स्टुलावरूनच म्हणाला, "अवं बाई, पाचही जण एक जूनचे हायेत ना! वय संपलं, चालले."

कविताचे डोळे मोठे झाले.

"सर! तुमचाबी हॅपी बर्थडे आमच्यासंगंच?"

मी हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. शिपाई इतका हसला की स्टूल डुगडुगलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कविताचा फॉर्म जवळ ओढला, शिक्का शाईत दाबला आणि कागदावर मारला. मग बाकीचे सात फॉर्म एकाखाली एक नीट लावले. चष्मा काढून पुसत बसले.

तो परत डोळ्यांवर चढवत म्हणाले, "माही आई सांगे, मी पोळ्याच्या आदल्या दिवशीचा हावो."